पानी : सातवीतल्या एका वर्गाचं प्रकरण

एका मुलाला वर्गाने मिळून चिडवल्याचं हे प्रकरण पुण्यात सिंहगड रोडच्या भागातल्या एका सेमी इंग्रजी शाळेतलं आहे. मी तिथे आठवड्यातून तीन दिवस समुपदेशक म्हणून जात होते. मुलांची नावं आणि घरचे बरेच तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि आम्ही मोठ्यांनी केलेल्या चुका मात्र तशाच ठेवल्या आहेत, कारण त्याच चुका मला नंतर इतर शाळांतही दिसत राहिल्या. लिहिण्याआधी त्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना विचारलं. मुलाने एकच अट घातली, "गावाचं नाव नका टाकू."

## पार्श्वभूमी

ओंकार जूनमध्ये सातवी ब मध्ये आला. सहावीपर्यंत तो धरणापलीकडच्या गावात आजी-आजोबांकडे राहून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकला होता. वडील नऱ्ह्यातल्या एका वर्कशॉपमध्ये कामाला, आई चार घरी पोळ्या करायची. मुलगा भातशेतीच्या गावातला, राब भाजण्यापासून (रोपांसाठी जमीन भाजणं) आवणीपर्यंत (रोपांची लावणी) सगळं हाताने केलेला. गणितात चांगला आणि बोलायला मोकळा. पुढच्या तीन महिन्यांत हा मोकळेपणाच आधी गेला.

वर्गात ५२ मुलं. बहुतेक बालवाडीपासून एकत्र, त्यामुळे कोण कुणाचा, कोण कुणाशेजारी बसणार, सगळं आधीच ठरलेलं. वर्गाचा एक व्हॉट्सॲप ग्रुपही होता. मुलं चौथीत असताना लॉकडाउनमध्ये गृहपाठासाठी तो आयांच्या फोनवर सुरू झाला. शाळा पुन्हा भरली तरी ग्रुप राहिला. आयांनी हळूहळू त्याच्याकडे बघणं सोडलं आणि मुलांनी तो ताब्यात घेतला. व्हॉट्सॲप वापरायचं किमान वय १३ आहे, पण वर्गातली बरीच मुलं अजून बारा वर्षांची होती. खाती आईच्या किंवा वडिलांच्या नंबरवर, त्यामुळे कागदोपत्री त्या ग्रुपात ४४ पालक बोलत होते. रात्री अकराला तिथे प्रत्यक्षात कोण बोलतंय, हे त्या ४४ पालकांपैकी फार थोड्यांना माहीत होतं.

ओंकारला मोबाइलवर मराठी टाइप करायला वेळ लागायचा, म्हणून तो बोलून मेसेज पाठवायचा. ऑगस्टमध्ये त्याने ग्रुपवर विचारलं, "गणिताचा अभ्यास काय दिलाय? मी पान्याच्या टँकरपाशी व्हतो, म्हणून उशीर झाला." एवढंच. आठ-नऊ सेकंदांचा मेसेज.

दुसऱ्या दिवशी त्यातला "पान्याच्या, पान्याच्या" एवढाच तुकडा कापून, ढोलाच्या ठेक्यावर बसवून कुणीतरी परत ग्रुपवर टाकला. गणपतीचे दिवस तोंडावर होते, संध्याकाळी सगळीकडे पथकांचा सराव चालू होता. तो ठेका मुलांच्या बोटांत होताच. वर्गात बाई पाठमोऱ्या झाल्या की बाकावर तो वाजायला लागला. तोंडाने एक शब्दही न काढता चाळीस मुलं एकाला चिडवू शकत होती, आणि शिक्षकांना ऐकू यायचा फक्त बाक वाजवल्याचा आवाज.

ओंकारचं नाव पडलं "पानी".

## कुणाला काय दिसलं होतं

नंतर मी कागद घेऊन बसले आणि कुणाला काय दिसलं होतं ते लिहून काढलं. यादी वाचून वाईट वाटलं.

ऑगस्ट आणि सप्टेंबर मिळून ओंकारची अकरा दिवस गैरहजेरी होती. पोटात दुखायचं. दवाखान्यात तपासलं, काही निघालं नाही. यातले बरेच दिवस मराठीचा जोडतास असलेले होते, पण हजेरीपट आणि वेळापत्रक शेजारी ठेवून कुणी पाहिलं नाही. व्हॅनच्या काकांच्या लक्षात आलं होतं की हा मुलगा मागे बसत नाही, पुढे त्यांच्या शेजारी बसायला धडपडतो. वर्गशिक्षिकेने नोंदवहीत लिहिलं होतं, "शांत असतो. रुळेल." आजी फोनवर आईला म्हणाली होती, "पोरगं आता बोलतच न्हाय."

आणि तक्रारपेटी. शाळेच्या जिन्याजवळ ती लावलेली होती. कुलपाची किल्ली कार्यालयातल्या ड्रॉवरमध्ये होती आणि पेटी तीन महिने उघडली गेली नव्हती. उघडली तेव्हा आत दोन चिठ्ठ्या निघाल्या. एक पंख्याबद्दल. दुसरीवर पेन्सिलने लिहिलं होतं, "७ ब मध्ये नवीन मुलाला त्रास देतात." खाली ऑगस्टमधली तारीख. ही चिठ्ठी कुणाची ते आम्ही शोधलं नाही आणि शोधूही नये. पण एका मुलाने शाळेने सांगितलेला मार्ग तंतोतंत वापरला होता, आणि शाळेनेच तो बंद ठेवला होता.

प्रकरण बाहेर आलं ते त्याच वर्गातल्या सईमुळे. सप्टेंबरअखेरीस ती माझ्या खोलीत आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "ताई, मी चुगली करत नाहीये ना?" मी तिला बसवलं. चुगली कुणाला तरी ओरडा बसावा म्हणून करतात आणि सांगणं कुणाचा तरी त्रास थांबावा म्हणून असतं, एवढंच बोलले. मग तिने आईचा फोन पुढे केला.

डॅन ओल्व्हेउस या संशोधकाने नॉर्वे-स्वीडनमध्ये १९७०च्या दशकात शाळेतल्या छळाच्या अभ्यासाचा पाया घातला. त्याने छळ ओळखायच्या तीन खुणा सांगितल्या : त्रास देण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा होणं आणि ताकदीतला फरक. पहिली खूण इथे वादाची होती, कारण जवळजवळ प्रत्येक मूल "मस्करी होती" असंच म्हणालं. दुसरीबद्दल शंकाच नव्हती. तिसरीकडे शाळेत सगळ्यात कमी लक्ष जातं. ओंकार अंगाने वर्गातल्या बऱ्याच मुलांपेक्षा काटक होता, म्हणून एक सर मला म्हणाले, "तो काय ऐकून घेणाऱ्यातला आहे का? एक ठेवून दिली असती." पण ताकद दंडात नव्हती. ती बालवाडीपासूनच्या ओळखीत होती, आणि बोलण्यात कोण "शुद्ध" यात होती.

## पहिले चार दिवस

या चार दिवसांत आम्ही तीन गोष्टी केल्या आणि तिन्हींनी त्रास वाढवला.

पहिली : सईच्या आईने वर्गशिक्षिकेला पाठवलेला स्क्रीनशॉट आणि ऑडिओ, "बघा काय चाललंय" म्हणून शिक्षकांच्या ग्रुपवर गेला. हेतू काळजीचाच होता. पण एका मुलाची टिंगल करणारी ती क्लिप आणखी चौदा मोठ्या माणसांच्या फोनवर पोहोचली. स्क्रीनशॉटच्या वर सईच्या आईचं नाव दिसत होतं. एका शिक्षिकेच्या घरी तिच्या भाच्याने तो पाहिला, तो सातवी अ मध्ये होता. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्यांना कळलं की "सांगणारी" कोण. त्याच रात्री सईला ग्रुपमधून काढलं.

दुसरी : वर्गशिक्षिकेने पूर्ण वर्गाला उभं करून झापलं आणि त्या ओघात ओंकारचं नाव घेतलं. "आपल्यात आलेल्या गरीब मुलाला असं वागवता?" हे वाक्य त्याच्या समोर, ५१ जणांच्या देखत उच्चारलं गेलं. ओंकारने मला नंतर सांगितलं, "पानी म्हनत व्हते ते चाललं असतं ताई. गरीब कशाला म्हनल्या बाई?"

तिसरी चूक माझी. ऑडिओ वर्गातल्या वेदांतने बनवली हे तोवर उघड झालं होतं. मी वेदांत आणि ओंकारला एकत्र माझ्या खोलीत बसवलं. वेदांतने सॉरी म्हटलं, मी हात मिळवायला लावले, दोघांनी मिळवले. मला वाटलं, मिटलं. दोन मुलांचं भांडण असतं तर ही पद्धत कदाचित चालली असती. हे भांडण नव्हतं. एक जण तीन महिने सोसत होता आणि एक जण तीन महिने करत होता, आणि मी दोघांना समोरासमोर सारख्याच खुर्च्यांवर बसवून "आता मित्र व्हा" म्हणाले. ओंकारला नाही म्हणायची सोयच मी ठेवली नाही. त्या संध्याकाळी नवा ग्रुप निघाला आणि त्यावर पहिला मेसेज होता वेदांतच्या "सॉरी"ची नक्कल. तीही ठेक्यावर.

पाचव्या दिवशी ओंकारच्या वडिलांनी त्याचा फोन काढून घेतला. बापाचं मन, मुलाला त्रासापासून तोडावं असं वाटलं. पण गावाकडचा चुलतभाऊ रोज रात्री त्याच फोनवर बोलायचा. तेही तुटलं. ओंकार म्हणाला, "आता ते काय म्हणत्यात ते कळत बी न्हाय." ऐकू येत नसलं तरी चालू आहे हे माहीत असायचं, आणि मग मन स्वतःच वाक्यं रचत बसायचं. त्याच भेटीत तो म्हणाला, "नुसतं झोपून राहावंसं वाटतं." मी त्याला सरळ विचारलं की जगूच नये असं कधी मनात येतं का. असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात विचार घातला जातो अशी भीती पालकांना असते. तसं होत नाही. उलट विचारणारं माणूस समोर आहे हे मुलाला कळतं. तो नाही म्हणाला, आणि ते नाही मला खरं वाटलं. तरीही आईवडिलांना त्याच दिवशी बोलावून घेतलं, मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसचा १४४१६ आणि मुलांसाठीच्या चाइल्डलाइनचा १०९८ हे दोन्ही मदत क्रमांक लिहून दिले, आणि पुढचे दोन आठवडे रोज त्याला पाच मिनिटं भेटायचं ठरवलं.

## समोर असलेले पर्याय

मोठ्या बाईंच्या खोलीत बैठक झाली. मुख्याध्यापिका, वर्गशिक्षिका, मी, शाळेच्या सखी सावित्री समितीतल्या (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची समिती) एक पालक सदस्य आणि ओंकारचे वडील. ही समिती राज्यात २०२२ पासून प्रत्येक शाळेत असायला हवी. या शाळेत ती होती, पण तोपर्यंत फक्त फलकावर.

मोठ्या बाईंचा पहिला विचार वेदांतच्या हातात दाखला देण्याचा होता. राग समजण्यासारखा होता. पण शिक्षण हक्क कायदा, २००९ मधल्या कलम १६ नुसार आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. "पालकांनी स्वतःहून नेला" असं दाखवून दाखला देण्याची पळवाट सगळ्यांना माहीत असते, आणि ती मोठ्या बाईंनी स्वतःच नाकारली याबद्दल मला आजही त्यांचा आदर वाटतो. शिवाय ४० जणांनी केलेल्या गोष्टीसाठी एकाला काढलं असतं तर उरलेल्या ३९ जणांना वाटलं असतं की दोष त्याच्याबरोबर गेला.

ओंकारच्या वडिलांना पोलिसांत जायचं होतं. एका नातेवाइकाने त्यांना माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६ अ (ऑनलाइन आक्षेपार्ह मेसेजबद्दलचं कलम) सांगितलं होतं. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच रद्द केलं आहे. क्लिपमध्ये अश्लील किंवा लैंगिक काही आहे का हे आम्ही आधी पाहिलं होतं. तसं असतं तर चर्चेचा प्रश्नच नव्हता. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि शाळेने "आपापसांत मिटवू" म्हणणं हाच गुन्हा ठरतो. इथे तसं नव्हतं. मी वडिलांना सांगितलं की तक्रारीचा त्यांचा हक्क शाबूत आहे, सायबर मदतीचा क्रमांक १९३० आहे, आणि अठरा वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, जिथे भर सुधारण्यावर असतो. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मॅडम, पंधरा दिवस देतो. पंधरा दिवसांत थांबलं नाय तर मी जानार." ही मुदत आम्हाला हवीच होती. तिच्यामुळे शाळेला गोष्ट रेंगाळू देता आली नाही.

ओंकारची तुकडी बदलावी असं त्याच्या आईचं म्हणणं होतं. सगळ्यांना तो सोपा उपाय वाटला. तेव्हा लक्षात आलं की गेल्या आठवडाभरात ओंकारला काय हवंय हे एकानेही विचारलेलं नाही. वडील त्याला दुसऱ्या दिवशी घेऊन आले. तो म्हणाला, "अ मध्ये बी तेच वाजवत्यात. मी का जाऊ? त्यांनी थांबावं."

## काय केलं

आधी पुरावा आवरला. ऑडिओ, स्क्रीनशॉट, तारखा आणि सदस्यांची यादी एका पेनड्राइव्हवर मोठ्या बाईंच्या कपाटात ठेवली. शिक्षकांच्या ग्रुपवरून क्लिप काढायला लावली आणि प्रत्येकाने आपल्या फोनमधली प्रतही पुसली का ते विचारलं. ग्रुपच्या ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो, पण आधीच दुसरीकडे पाठवलेल्या प्रती तशा काढता येत नाहीत. त्याबद्दल पुढे येईल.

मग मुलांशी एकेकट्याने बोलायचं ठरलं. स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ अनातोल पिकास यांनी यासाठी एक पद्धत घडवली आहे. त्रास देणाऱ्या गटातल्या प्रत्येकाला वेगळं बोलवायचं, आरोप करायचा नाही, जबाब घ्यायचा नाही, चिंता वाटून घ्यायची. आम्ही नऊ मुलं निवडली. सगळ्यात जास्त करणारी, आणि ज्यांच्या हसण्यावर इतर हसतात अशी. नऊही भेटी एकाच सकाळी, पाठोपाठ घेतल्या. कारण मधली सुट्टी झाली असती तर सगळ्यांचं उत्तर एकच ठरलं असतं.

प्रत्येकाला माझं पहिलं वाक्य तेच होतं. "ओंकारचं वर्गात बरं चाललेलं नाही असं मला वाटतं. तुला काय दिसलंय?" मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं फार अवघड जातं. तिसऱ्या मुलाच्या वेळी जवळजवळ मिनिटभर कुणीच बोललं नाही, आणि मग तो रडायला लागला. शेवटी विचारायचं, "तू काय करू शकशील?" उत्तरं लहान लहान होती. मी बाक वाजवणार नाही. मी नव्या ग्रुपमधून बाहेर पडतो. एक म्हणाला, "व्हॅनमध्ये मी त्याला मागे जागा धरीन." कुणालाही माफी मागायला सांगितली नाही.

वेदांत सातवा होता. पाचवीत त्याला जाडीवरून नाव पडलं होतं आणि ते दीड वर्ष चाललं. मी विचारलं, मग ते कधी थांबलं? तो बराच वेळ टेबलाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ओंकार आला तेव्हा." म्हणून त्याने केलं ते माफ होतं असं मी मानत नाही, त्यालाही तसं सांगितलं. पण या वर्गात एक जागा कायम कुणासाठी तरी राखीव आहे, हे तेव्हा स्पष्ट दिसलं. ओंकारला तिथून उठवलं तर दुसरं कुणीतरी बसवलं जाणार होतं.

आणि त्या नऊपैकी चार मुलांनी, एकमेकांशी न बोलता, मला तीच गोष्ट सांगितली. जुलैमध्ये मराठीच्या तासाला ओंकार उतारा वाचत होता. "पाणी" आलं, तो "पानी" म्हणाला. बाईंनी थांबवलं : "ण. जीभ वर वळव." तो पुन्हा "पानी" म्हणाला. तीनदा झालं. वर्ग हसला. "आणि ताई, बाई पण हसल्या होत्या."

व्हॉट्सॲपवर जे झालं त्याची परवानगी मुलांनी तिथून घेतली होती. आम्ही आठवडाभर मोबाइलला, रीलला, पालकांच्या दुर्लक्षाला दोष देत होतो. सुरुवात फळ्यासमोर झाली होती, शाळेच्या वेळात, शिकवण्याचा भाग म्हणून.

मराठीच्या त्या बाईंशी बोलणं हा या प्रकरणातला सगळ्यात अवघड भाग होता. २८ वर्षांची नोकरी, विद्यार्थ्यांच्या आवडत्या, आणि मी त्यांच्या मुलीच्या वयाची. मी मोठ्या बाईंमार्फत न बोलता त्यांना एकटीने भेटले. आधी त्या दुखावल्या. "मग शुद्ध शिकवायचंच नाही का? उद्या नोकरीच्या मुलाखतीत हसतील त्याला, ते चालेल?" हा प्रश्न खोटा नाही. पुस्तकातली भाषा यायलाच हवी. पण पुण्यात ण आणि न यावरून माणसाची पायरी ठरवायची सवय इतकी मुरलेली आहे की शिकवणं कुठे संपतं आणि खाली बसवणं कुठे सुरू होतं ते आपल्याला कळेनासं होतं. मी एवढंच विचारलं की उच्चार सुधारायचा असेल तर तो ५१ जणांसमोर, वाचन मध्येच थांबवून, तीनदा करून घेतल्याने सुधारतो का. त्या काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी वर्गात सांगितलं, "माझी आजी फलटणकडची. ती पण पानीच म्हणायची, आणि तिच्या हातचं पाणी आम्ही सगळे प्यायचो. त्या दिवशी मी तुम्हाला हसू दिलं, मीही हसले. ते माझं चुकलं." माझ्या भेटींपेक्षा या दोन मिनिटांनी जास्त काम केलं असं मला वाटतं. ज्यांच्याकडून परवानगी मिळाली होती, त्यांनीच ती काढून घेतली.

त्यानंतर त्यांनी एक उपक्रम घेतला. प्रत्येकाने आजी-आजोबांना विचारून घरातला एक असा शब्द आणायचा जो पुस्तकात नाही. सोलापूरकडचे, खानदेशातले, कोकणातले, वऱ्हाडातले शब्द भिंतीवर लागले. माझी एक भीती होती की यात ओंकार नमुना म्हणून उभा केला जाईल, "बघा ह्याच्या गावाकडे कसं बोलतात". म्हणून ५२ जणांचे ५२ शब्द एकाच आकाराच्या कागदावर, नावाशिवाय लावले. "इरलं" (भाताच्या शेतात पावसात डोक्यावर घेतात ते) हा शब्द कुणाचा ते वर्गाने ओळखलं असणारच, पण कुणी बोट दाखवलं नाही. दोन मुलांच्या घरी आजी-आजोबा नव्हते, त्यांनी सोसायटीतल्या वॉचमन काकांना विचारून शब्द आणले.

पालकसभा मुदतीच्या बाराव्या दिवशी झाली. "आमच्या वेळीही नावं पाडायचो, मुलांचं चालायचंच," असं तीन-चार जणांनी म्हटलंच. एका आजोबांनी त्यांना उत्तर दिलं, "तेव्हा शाळा सुटली की सुटायची." त्यानंतर वाद फारसा झाला नाही. ठरलं ते असं : जुना आणि नवा दोन्ही ग्रुप बंद, अभ्यासासाठी एकच ग्रुप, ज्यात फक्त वर्गशिक्षिका मेसेज पाठवू शकतील, ग्रुपात कोण जोडू शकतं याची सेटिंग प्रत्येक आईने तिथेच बसून बदलली, रात्री साडेनऊनंतर फोन मोठ्यांच्या खोलीत. ओंकारला फोन परत मिळाला. वडिलांना हे पटायला वेळ लागला. त्यांना सांगितलं की मुलाला जर कळलं की सांगितल्यावर फोन जातो, तर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही.

वेदांतच्या वडिलांनी कार्यालयाच्या बाहेर त्याला थोबाडीत मारली. मी मध्ये पडले. त्याच्यासाठी आम्ही वेगळं काम ठरवलं होतं. क्लिप कुठे कुठे पाठवली त्याची त्याने स्वतः यादी करायची आणि प्रत्येकाला ती पुसायला सांगायची. यादीत अकरा जण निघाले, त्यात दोन शाळेबाहेरचे. हे करायला त्याला आठ दिवस लागले. एकाने त्याचीच टर उडवली. तेही त्याने येऊन सांगितलं.

## काय झालं

मुदतीच्या शेवटी वडील पोलिसांत गेले नाहीत. बाक वाजणं जवळजवळ थांबलं होतं. दिवाळीनंतरच्या सत्रात ओंकार तीन दिवस गैरहजर राहिला, त्यातले दोन गावच्या जत्रेसाठी. जानेवारीत त्याने स्वतःहून विचारलं की वेदांतशी बोलू का. या वेळी वेळ, जागा आणि किती बोलायचं हे त्याने ठरवलं. ते काय बोलले ते मला माहीत नाही. मी व्हरांड्यात उभी होते. ते मित्र झाले नाहीत. क्रिकेटमध्ये एका बाजूने खेळतात एवढं मी पाहिलं.

फेब्रुवारीत मराठीच्या तासाला त्याने उतारा वाचला. एका ठिकाणी "पानी" म्हणाला, पुढच्या ओळीत "पाणी". कुणी हसलं नाही. बाईंनी थांबवलं नाही.

सगळं नीट झालं असं नाही. वर्गातली काही मुलं संध्याकाळी एका खासगी क्लासला जातात, तिथे तो ठेका मार्चपर्यंत चालू होता. क्लासच्या चालकांना आम्ही भेटलो, त्यांनी "बघतो" म्हटलं. नऊपैकी दोन मुलांनी शेवटपर्यंत आपण काही केल्याचं मान्य केलं नाही आणि आम्ही ते तसंच सोडून दिलं. सईला नव्या मैत्रिणी शोधाव्या लागल्या. जिने सांगितलं तिला आम्ही सांभाळू शकलो नाही, आणि हा हिशेब अजून माझ्याकडे बाकी आहे.

## आज काय वेगळं करेन

पहिल्या दिवशी दोघांना एकत्र बसवणार नाही. मुलगा स्वतः मागेल तेव्हाच ती भेट, आणि तीही माझ्या समाधानासाठी नाही.

सईचं नाव पहिल्या तासातच झाकेन. आता आम्ही पालकांना सांगतो की स्क्रीनशॉट कुणालाही पाठवू नका, फोन घेऊन या, आम्ही समोर बघून उतरवून घेऊ. सांगणाऱ्या मुलासाठीही त्याच दिवशी एक मोठं माणूस ठरवून देतो, ज्याच्याकडे ते मूल रोज डोकावू शकेल.

बघ्यांबरोबरचं काम मी खूप उशिरा सुरू केलं. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिवल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेला कीवा हा कार्यक्रम याच गोष्टीवर उभा आहे. छळ टिकतो तो बघणाऱ्यांच्या हसण्यावर, म्हणून आधी त्यांना हलवायचं. मला हे वाचून माहीत होतं. तरी समोर रडणारा एक आणि करणारा एक दिसला की बाकीचे पन्नास दिसेनासे होतात. आता मी कोणत्याही वर्गात आधी विचारते, यात हसणारे कोण, आणि हसायचं सोडून द्यायला त्यांतला कोण तयार होईल.

आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात मी मोबाइलच्या आधी वाचनाचा तास घेते. कुणाचा उच्चार, कुणाचं आडनाव, कुणाचा डबा, यावर वर्ग हसला तेव्हा तुम्ही काय केलंत, एवढंच विचारते. सुरुवातीला खोलीत शांतता असते. मग कुणीतरी बोलायला लागतं.

तक्रारपेटीची किल्ली आता त्या शाळेत वर्गशिक्षिकांपैकी एकीकडे असते आणि पेटी दर शनिवारी दोन पालकांसमोर उघडतात. ऑगस्टमधली ती पेन्सिलची चिठ्ठी मोठ्या बाईंनी फेकली नाही. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली ती ठेवलेली आहे.